बारीक माणसं घोरत नाहीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला घोरण्यावरचा लेख वाचला. वजन घटवा, कुशीवर झोपा, दारू सोडा. उत्तम! आमचे हे दारूला शिवत नाहीत, आणि वजनाचं म्हणाल तर पट्ट्याला घरी दाभणाने भोकं पाडावी लागतात. तरी रात्री घोरता घोरता श्वास थांबायचा आणि मी दिवा लावून छाती हलतेय का ते बघत बसायची.

झोपेची तपासणी झाली. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की तो मोजतात. तासाला 30 च्या वर गेलं की आजार तीव्र. हे त्यात बसले आणि सीपॅपचं मशीन, म्हणजे झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा सोडणारं यंत्र, आमच्या गळ्यात पडलं. घशात मात्र कुणी डोकावलं नाही. आवाज दबका येतो, फोनवर लोक 'जेवताय का?' विचारतात, हे मी स्वतः सांगितलं होतं. उत्तर मिळालं, 'वयोमानाने होतं.'

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. जिभेच्या मुळाशी, श्वासनलिकेच्या झाकणाला टेकून, सोललेल्या द्राक्षासारखी पाण्याची गाठ! उताणं झोपलं की ती मागे कलंडायची आणि वाट बंद. काढली, तपासायला पाठवली, साधी निघाली. पुन्हा झोपेची तपासणी केली तर आकडा एकेरी. मशीन आता माळ्यावर आहे. विकणारे परत घेत नाहीत म्हणे.

अशा गाठी विरळाच, कबूल. कुणाला चरबीची असते, कुणाला लाळग्रंथीची, ती आतल्या बाजूने वाढून टाळू पुढे ढकलते. बहुतेकांचं घोरणं वजनामुळेच असेल, त्याबद्दल माझा वाद नाही. पण अर्ध्या पानाच्या लेखात 'आवाज बदलला, गिळताना अडकलं तर आधी घसा दाखवा' एवढी एक ओळ मावली नसती का?

जागा नव्हती म्हणावं, तर त्याच लेखाखाली नाकात अडकवायच्या क्लिपची ही भली मोठी जाहिरात आहे, 'पहिल्याच रात्री घोरणे बंद'. लेखक तज्ज्ञ आहेत, त्यांनी आपलं पान छापून आल्यावर पाहिलं असेलच.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं हल्ली कुठे छापता? हे सोमवारी सगळा अंक उलटापालटा करतात.

आपली नियमित वाचक,
मिरज