घड की बाळी

निफाड, जि. नाशिक

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

"नाना, पेशींची तिसरी बॅचही वाया गेली, माझ्या हातालाच यश नाही," असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मला काही सुचलं नाही. सध्या द्राक्षबागेत खरड छाटणीनंतरची विरळणी, म्हणजे जादा फुटी काढणं, चालू आहे. आज दुपारी मांडवाखाली बसलो आणि सुचलं, म्हणून लिहितो.

तू दिवाळीत समजावलेलं माझ्या पक्कं लक्षात आहे. मेंदूच्या मूळपेशी त्याच, खुराक तोच. पण खालचं जेल 100 ते 500 पास्कलचं (घट्टपणाचं माप), म्हणजे मऊ असलं तर चेतापेशी जास्त होतात, आणि 1,000 ते 10,000 पास्कलचं घट्ट असलं तर ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. आईला खोटं वाटलं होतं. मला नाही वाटलं, कारण द्राक्षाच्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कळीत, हेच चालतं. आत जे धरतं ते सुरुवातीला ना घड असतं ना बाळी, म्हणजे आधाराला वेटोळं घालणारा नुसता धागा. मे-जूनमध्ये डोळ्यापर्यंत ऊन पोचलं, काडीत अन्न साठलं, तर घड. ढगाळ हवा, पानांची गर्दी, नत्राचा मारा झाला, की बाळी. आणि आपल्याला कळतं कधी? ऑक्टोबरात, फळासाठीची गोडी छाटणी झाल्यावर!

तू सातवीत होतीस तेव्हा विहिरीकडच्या तुकड्यात नुसत्या बाळ्या निघाल्या होत्या. काड्या देणाऱ्याला मी चारचौघांत नाही नाही ते बोललो, बेणंच खोटं म्हणून. पुढच्या वर्षी छाटणीआधी काड्यांचे डोळे प्रयोगशाळेत तपासायला दिले. तिथल्या पोराने सूक्ष्मदर्शकातून दाखवलं: उन्हातल्या काडीच्या डोळ्यात घड, त्याच वेलीच्या झाकल्या काडीत बाळी. मजूर मिळेनात म्हणून विरळणी मीच टाळली होती.

पण सगळं जागेवरही ढकलू नकोस. तो 1996 चा प्रयोग तूच सांगितलास ना? उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातल्या मूळपेशी वासाच्या केंद्राकडे जाणाऱ्या वाटेवर सोडल्या, तर त्या पुढे जाऊन तिथल्यासारख्या चेतापेशी झाल्या. लहान मेंदूत सोडल्या, तर झाल्या नाहीत. मला हा दुसरा अर्धा भागच जास्त आवडला. बारामाही पाणी दिलं म्हणून बाभळीला काही द्राक्षं लागत नाहीत.

आणि वेळ. जेलच्या मऊ-घट्टपणाचा परिणाम मुख्यतः 12 ते 36 तासांच्या दरम्यान होतो, असं तू म्हणालीस. मग माझा अडाणी प्रश्न: बिघडलेल्या बॅचमध्ये त्या तासांत जेल किती घट्ट होतं, हे कोणी मोजलं का? की डबीवर लिहिलंय तेच धरून चालता? वहीत पहिल्या दीड दिवसाची नोंद आहे का? घड धरायचे दिवस निघून गेल्यावर मी कितीही फवारण्या केल्या तरी बाळीचा घड होत नाही. हाताला यश नाही वगैरे नंतर बघू, आधी जेल मोज.

परवा त्या काडीवाल्याकडे जाऊन आलो, इतक्या वर्षांनी. "मला काही आठवत नाही," म्हणाला. पण चहा विचारला नाही.

बेदाणे पाठवले आहेत. रूममेटलाही दे.

तुझे,
नाना