धर्मादायाचं पान

कोपरखैरणे, नवी मुंबई
रविवार, २० जुलै २०२५

प्रिय दिन्या,

मे महिन्यात लग्नाला आलास तेव्हा माझ्या गच्चीत, ऑनलाइन विकायच्या रोपांवरच्या शेडनेटखाली घाम पुसत म्हणालास, "पम्या, हा धंदा आहे की अन्नछत्र?" तुला आठवतही नसेल. तू बोललास, चहा प्यायलास आणि मिरजेची गाडी पकडलीस. मी मात्र दोन महिने ते वाक्य खिशात घेऊन फिरतोय. तेव्हा रागच आला होता. दोन पिढ्या तूरडाळ तोलणाऱ्याला रोपांतलं काय कळतंय, असं मनात म्हणालोसुद्धा. आज पाऊस कोसळतोय, पारसिकचा डोंगर सकाळपासून दिसलेला नाही आणि रविवारी कुरियरवाला येत नाही. म्हणून बसलोय कबुलीजबाब लिहायला. अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात तुझं चुकलं होतं, तेही सांगतो.

तू गेल्यावर आठवड्याभराने मी पहिल्यांदा एका रोपाचा हिशेब मांडला. महिन्याचा हिशेब होताच: आले किती, गेले किती, खात्यात काहीतरी शिल्लक दिसतंय ना, मग झालं. पण एकट्या अडेनियमचा, त्या जाड बुंध्याच्या फुलझाडाचा, कधी मांडला नव्हता. विक्री ३५० रुपये, कुरियर आपल्याकडे. उरुळी कांचनहून कलमी रोप गाडीभाड्यासकट मला १४० ला पडतं. खोका, कागद, टेप मिळून ४५. कुरियर ११०. गिऱ्हाइकाने नेट बँकिंगने पैसे भरले तर पेमेंट गेटवेचे, म्हणजे ते पैसे माझ्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचे, दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाआठ रुपये. (रोपांवर जीएसटी नाही म्हणून मी खूश असायचो. पण कुरियरच्या आणि गेटवेच्या बिलात तो असतोच, आणि माझी नोंदणी नसल्यामुळे परतही मिळत नाही.) राहिले ४७. आता, वाटेत दहातलं एक रोप मरायचं आणि मी विनातक्रार दुसरं पाठवायचो, कुरियर पुन्हा माझंच. म्हणजे दहा रोपांमागे २९५ चा खड्डा. एका रोपामागे साडेएकोणतीस.

उरले सतरा रुपये. आमच्या स्टेशनबाहेर वडापाव वीसला आहे.

आणि या सतरा रुपयांत त्या नाशिकच्या काकू. तू होतास तेव्हा फोन स्पीकरवर टाकून मी त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोललो होतो, पिवळ्या पानांवरून. रोप माझ्याकडचं नव्हतंच. त्यांनी ते तिकडच्याच कुठल्या नर्सरीतून घेतलेलं. मला वाटायचं, लोक नाव काढतात, पुन्हा येतील. नाव काढायचे, खरंच काढायचे. पण मरणाऱ्या रोपांचं काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून जूनच्या सुरुवातीला उरुळीला जाऊन आलो.

मी रोपं कशी पाठवायचो सांगतो. कुंडीसकट, मातीसकट, आणि निघण्याआधी भरपूर पाणी देऊन. प्रवासात तहान लागू नये म्हणून! वर मॉसचा ओला थर, त्यावर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. हे सगळं मी प्रेमाने करायचो, एका खोक्याला वीस मिनिटं लागायची. उरुळीच्या नर्सरीवाल्याने मोबाइलवर माझा खोका पाहिला आणि पोट धरून हसला. म्हणाला, "साहेब, पोराला न्हाऊ घालून ट्रंकेत कोंडल्यावानी करताय व्हय?" अडेनियम मूळचं कोरड्या मुलखातलं. ते पाणी बुंध्यात साठवतं, मातीशिवाय दोन-तीन आठवडे सहज काढतं. त्याला जगवायला मी जे वरचं म्हणून देत होतो, त्याच ओलाव्याने बंद खोक्यात त्याची मुळं कुजत होती.

आता मुळं मोकळी करून झाडतो, दोन दिवस सावलीत सुकवतो, कोरड्या कागदात गुंडाळतो आणि सोमवार-मंगळवारीच पाठवतो, म्हणजे खोका शनिवार-रविवार कुठल्या गोदामात पडून राहत नाही. आणखी एक तुला कामाला येईल, कारण तुझा पोरगा चटण्या ऑनलाइन विकायचं म्हणत होता. कुरियरवाले वजन दोन तऱ्हांनी धरतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याच्या आकाराचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. जे जास्त भरेल त्याचं बिल. माझा जुना खोका ४० बाय १५ बाय १५ चा. काट्यावर ९०० ग्रॅम, सूत्राने १.८ किलो, बिल दोन किलोचं. म्हणजे अर्ध्याहून जास्त मी हवेचं भाडं भरत होतो. नवा खोका ३० बाय १२ बाय १०, बिल एका किलोचं. कुरियर ७० वर आलं, पॅकिंग ३० वर. रोपं आता चाळिसात एखादं मरतं. एका रोपामागे नव्वदच्या वर सुटतात आणि गिऱ्हाइकाकडे जिवंत रोप पोचतं. पोराला सांग, चटणीचा डबा घ्यायच्या आधी खोका मोज.

हे झालं सोपं. मला खरं लिहायचंय ते वेगळं आहे.

जूनमध्ये एका गिऱ्हाइकाने मेलेल्या रोपाचा फोटो पाठवला. निळ्या फरशीवर कुंडी, पानं गळालेली. मी बदली रोप पॅक करायला घेतलं. मग सहज फोटो मोठा करून पाहिला, तर मागच्या भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर एप्रिल. शोधल्यावर सापडलं: हाच फोटो एप्रिलमध्ये पाठवून एक रोप आधीच घेतलेलं. मी काय केलं असेल? पाठवलं. गुपचूप. वर "काळजी घ्या" असं लिहिलं.

त्या रात्री झोप लागेना. का पाठवलं? दया आली म्हणून नाही. माणूस खोटं बोलतोय हे दिसत होतं. पाठवलं, कारण नाही म्हटलं तर एक तारा देईल, चार ओळी वाईट लिहील. "भीड भिकेची बहीण" असं माझी आजी सदा म्हणायची. मी ते लग्नाच्या आहेराबद्दल आहे असं समजत होतो.

तर दिन्या, तुझं चुकलं ते इथं. अन्नछत्र चालवणाऱ्याला जेवणाऱ्याची भीती वाटत नसते. माझं होतं ते अन्नछत्र नव्हतं. मोफत कुरियर भीतीपोटी, कारण बाकीचे देतात. मागितलं की बदली रोप भीतीपोटी. चाळीस मिनिटांचा फोन भीतीपोटी, कारण मध्येच ठेवला तर काकूंना वाईट वाटेल. आणि या सगळ्याला मी स्वतःच्या मनात "दानत" असं गोंडस नाव दिलेलं. तुझ्या वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं कळायला मिरजेहून माणूस यावा लागला?"

मग हळूहळू बदल केले. मोफत कुरियर बंद. ७० रुपये वेगळे दाखवतो आणि रोप ३५० वरून ३१० वर आणलं. पहिल्या पंधरवड्यात ऑर्डरी घटल्या, खोटं कशाला सांगू. नेहमीचे लोक यूपीआयने पैसे देतात, त्यात गेटवेचे पैसेही वाचतात. बदली रोप सात दिवसांच्या आत, आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ हवा. हा नियम लिहिताना हात थरथरला होता. आतापर्यंत एकानेच भांडण काढलं, कोण ते तू ओळखलंच असशील.

द्यायचं मात्र बंद केलं नाही. आमच्या सेक्टरच्या मंडईत एक मावशी बसतात, भाजी घेतली की पिशवीत न मागता कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकतात. टोमॅटो कधी टाकत नाहीत. हे मी वीस वर्षं बघत होतो, पण कळलं आत्ता. माझ्या गच्चीत ओव्याचं झाड आहे ना, भज्यांच्या जाड पानांचं, ते पावसाळ्यात वेड्यासारखं वाढतं, छाटावंच लागतं. आता प्रत्येक खोक्यात त्याची एक बोटभर काडी कागदात गुंडाळून टाकतो, वर चिठ्ठी: मातीत खोचा, पंधरा दिवसांत धरेल. मला खर्च शून्य, आणि लोकांचे फोटो येतात ते तीनशेच्या अडेनियमचे नाहीत, या फुकटच्या काडीचे. एका बाईंनी तर भज्यांचा फोटो पाठवला.

फोनचं असं केलं. तेच तेच विचारलं जाणारे बारा प्रश्न काढले. पानं पिवळी का पडतात (निम्म्याहून जास्त वेळा पाणी जास्त झालेलं असतं), पांढरा कापूस दिसतो तो काय (पिठ्या ढेकूण, लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांड्यांचा साबण, आणि संध्याकाळी फवारायचं), कळ्या का गळतात, असे. फोटोंसकट उत्तरं लिहून साइटवर ठेवली, कुणीही वाचा, पैसे नाहीत. एकदा लिहिलं की हजार जणांनी वाचलं तरी माझा वेळ तेवढाच जातो. त्यापलीकडे कुणाला स्वतःचं झाड दाखवायचं असेल तर व्हिडिओ कॉल, अर्धा तास, २०० रुपये.

तीन आठवडे एकही कॉल नाही. उलट एकाने लिहिलं, "दादा, तुम्हीपण शेवटी दुकानदारच निघालात." दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मला तू आठवलास आणि हसू आलं. दुकानदारच आहे की मी.

पहिले दोनशे कुणी भरले सांगू? नाशिकच्या काकूंनी. मी ओशाळून म्हणालो, "काकू, तुमच्याकडून कसे घेऊ?" तर म्हणाल्या, "घ्या हो. फुकट होतं तेव्हा दोन प्रश्न विचारायचे आणि तिसरा गिळायचे. आज यादी काढून बसलेय." आणि खरंच यादी होती, सात प्रश्नांची. मी आपला समजत होतो की माझ्या फुकटामुळे त्यांना मोकळं वाटतंय.

आता तुझ्या अण्णांचं. आपण सातवी-आठवीत असताना दुपारी तुमच्या दुकानात पुड्या बांधायला बसायचो. गल्ल्यामागे पाटी, "आज रोख, उद्या उधार". आणि तरी कुणी कुणी बाई यायची, तेलाची बाटली पुढे करायची, अण्णा काही न बोलता भरून द्यायचे आणि लाल वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडायचे. तू एकदा विचारलंस, तर म्हणाले, "हे धर्मादायाचं पान. हे भरलं की पाडव्यापर्यंत बंद." मला ते तेव्हा कंजूषपणाचं वाटलं होतं. आता वाटतं की म्हाताऱ्याने दान विक्रीत मिसळू दिलं नाही. विक्री करताना तराजूचा काटा बघायचे, आणि देताना देतोय हे स्वतःला माहीत असायचं. मी दोन्ही एकाच डब्यात कालवलं होतं. मग कळायचं नाही की नुकसान झालंय की पुण्य.

म्हणून जुलैपासून मीही वहीत मागचं पान काढलं. महिन्याला दीड हजार. साताऱ्याचे एक आजोबा, रोप पोचलं तेव्हा ते दवाखान्यात होते, खोका बारा दिवस शेजाऱ्यांकडे पडून राहिला. नियम सात दिवसांचा. दुसरं पाठवलं आणि पानावर लिहिलं. तळकोकणातल्या एका शाळेला गवती चहाची सहा रोपं. लिहिलं. यात ना भीती वाटते, ना मागून चुटपुट लागते. तू तुझ्या सीएला दाखवलंस तर हसेल, पण माझी झोप सुधारली आहे.

अडचण एवढीच की या महिन्याचं पान १८ तारखेलाच भरलं.

आणि काल पनवेलहून एका मुलीचा मेसेज आला. पहिल्या पगारातून आईला अडेनियम घेतलं होतं, गेल्या आठवड्याच्या पावसात उघड्या गच्चीत राहिलं आणि बुंधा मऊ पडला. चूक सरळसरळ तिची. बदली मागत नाही, वाचेल का एवढंच विचारतेय. मी सांगितलं: मऊ भाग धारदार सुरीने कापत जा, आतून स्वच्छ पांढरं लागेपर्यंत, मग आठवडाभर सावलीत कोरडं ठेव आणि कोरड्या मिश्रणात लाव. खरं सांगायचं तर फोटोवरून आशा कमी वाटते. फोटोच्या कडेला आईचा हात आलाय, कुंडीला धरलेला.

तर तुला काम सांगतो. अण्णांच्या वह्या तू टाकून दिल्या नसशील, माळ्यावर असतील. एखादी काढून शेवटची पानं बघ. वर्षाला खरंच एकच पान होतं, की आपल्या दोघांना पोरं समजून तसं सांगायचे आणि दिवाळीआधी गुपचूप दुसरं उघडायचे? फोटो काढून पाठव. जमलं तर मंगळवार सकाळपर्यंत, कारण त्यानंतर या आठवड्यात माझं कुरियर नाही.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
पम्या