जिन्याखाली ओळखपत्र काढून ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

काल ह्यांचा टीबीच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स संपला. थुंकीचा रिपोर्टही चांगला आला. रात्री सगळे झोपल्यावर हे लिहायला बसले.

तुमच्याआधी आरोग्य केंद्राच्या दोघांनी आमची ‘चौकशी’ केली होती. एकाने फोनवर विचारलं, “घरात आणखी कुणाला खोकला?” मी “नाही” म्हटलं, त्याने फोन ठेवला. सासऱ्यांचा खोकला आम्ही वर्षानुवर्षं बिडीच्या नावावर टाकत आलो होतो, तो मला खोकला वाटतच नव्हता. दुसरा गल्लीत उभा राहून ओरडला, “टीबीचा पेशंट कुठल्या खोलीत?” संध्याकाळी नळावर बायकांनी आपापले हंडे माझ्या हंड्यापासून लांब सरकवले. बालवाडीच्या बाईंनी सोनूला “थोडे दिवस घरीच ठेवा” म्हणून सांगितलं. चार वर्षांचं पोर, त्याने काय केलं होतं? दुसऱ्याच दिवशी मी केंद्रावर सांगून आले की आम्ही गावाला चाललोय. खोटं बोलले. ह्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, पण बाकी कुणाला तपासू द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं.

तरीही तुम्ही आलात. मी वरून बघत होते. लोखंडी जिन्याखाली तुम्ही थांबलात, गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये ठेवलंत, पांढरा कोट घडी करून भाजीच्या पिशवीत घातलात आणि मग वर आलात. शेजारणीने “कोण?” म्हणून विचारलं. “हिला भेटायला आलेय,” एवढंच बोललात. ताई, त्या घडी घातलेल्या कोटासाठी हे पत्र आहे. गोळ्या सरकार देतं, एक्स-रे मशीन काढतं. आमची अब्रू मात्र तुम्ही सांभाळलीत, आणि तसं करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आत आल्यावरही तुम्ही खोकल्याचं विचारलं नाहीत. “रात्री या खोलीत कोण कोण झोपतं?” असं विचारलंत. त्या एका प्रश्नातून सासरे निघाले. त्यांच्याही छातीत टीबी होता, आता औषधं चालू आहेत. सोनूला आजार नव्हता, पण पाच वर्षांखालच्या मुलाला धोका जास्त, म्हणून प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्यात. खेळत्या पोराला औषध कशाला, म्हणून मी भांडले. तुम्ही न चिडता तीनदा समजावलंत.

ह्यांच्या कारखान्यातली पाच पोरं शिवतात तिथेच झोपतात. शेठला कळलं असतं तर ह्यांची नोकरी गेली असती. तुम्ही तिथे “सगळ्यांची तपासणी” म्हणून गेलात आणि ह्यांचं नाव तोंडातून काढलं नाहीत. अशी माणसं अजून आहेत, म्हणूनच आमच्यासारखी लपलेली घरं दार उघडतात.

सोनूच्या गोळ्या अजून महिनाभर आहेत, म्हणजे तुम्ही याल. आता ओळखपत्र गळ्यात घालूनच वर या. शेजारणीने विचारलं, तर कोण आलंय ते मी सांगेन.

तुमची,
वरच्या खोलीतली