हरवलेल्या मुलांच्या तपासाचे पुढे काय होते?

संपादक महोदय,

आमच्या गल्लीत विड्या वळून घर चालवणाऱ्या एका माउलीचा मुलगा काही वर्षांपूर्वी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत हरवला, तो अद्याप सापडलेला नाही. दर जानेवारीत ती होम मैदानाच्या कडेला त्याचा फोटो घेऊन उभी राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या त्या फोटोतला मुलगा मात्र सात वर्षांचाच राहिला आहे.

बालक बेपत्ता झाल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा आणि चार महिन्यांत शोध न लागल्यास प्रकरण मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे पाठवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिले होते. या मुलाचे प्रकरण तिकडे गेले का, हे विचारायला गेले की समोर नवा अधिकारी असतो आणि ती बिचारी पुन्हा शर्टाच्या रंगापासून सांगू लागते. पोलिसांवर कामाचा ताण आहे, हे मान्य. पण तपास कुठवर आला, हे निदान वर्षातून एकदा कुटुंबाला लेखी कळवायला आणि वाढलेल्या वयाचे संभाव्य चित्र काढून ते ठाण्याठाण्यांत लावायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सोलापूर