पटवारी काकाजींना, भर मे महिन्यात

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवेल आणि तुम्ही मध्येच हात वर करून "एवढं कायले लिहिलं" म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी तिला थांबवू नका. आभार घरी येऊनही मानता आले असते, पण मला ते चारचौघांत मानायचे आहेत. नागपुरात प्लॉट, फ्लॅट, भाड्याचं घर शोधणाऱ्या कितीतरी माणसांना तुमच्या शिकवणीचा फायदा झाला आणि त्यांना तुम्ही कोण हेही माहीत नाही. नाव मी इथेही लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. मानेवाडा-बेसा भागातल्या जुन्या लोकांना "पटवारी काकाजी" म्हटलं की कळतं, तेवढं पुरे.

तुम्ही काटोलकडे गावी राहायला गेलात, पण इथला मे महिना आहे तसाच आहे. सकाळी सातला घर बघायला माझं पहिलं गिऱ्हाईक असतं. दहा वाजले की रस्ते ओस पडायला लागतात. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळते, पर्समध्ये कांदा टाकते, पन्ह्याची बाटली स्कूटीच्या डिक्कीत ठेवते आणि निघते. धंद्याचे दिवस हेच. बदल्यांचे आदेश निघालेले असतात, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्याआधी लोकांना घर बदलायचं असतं. भाडं किती हा प्रश्न नंतर येतो, आधी विचारतात, "मॅडम, कूलर कुठं बसते?" खिडकी कूलरच्या मापाची आहे का, त्यात पाणी कुठून भरायचं, समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट आहे का. हे प्रश्न मला फार आवडतात. घराकडे असं बघणारा माणूस त्या घरात नीट राहतो.

दुपारी रजिस्ट्रार ऑफिस किंवा भाडेकराराची कामं. म्हाताऱ्या माणसांचे झिजलेले अंगठे, त्यात उन्हाचा घाम, मशीनवर ठसा उमटता उमटत नाही. मी रुमाल पुढे करते, बोट कोरडं करून घेते, घाई करत नाही. भाडेकरार नोंदवलाच पाहिजे आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे, हे मी मालकांना तोंडावर सांगते. कुणी कुरकुरलं तरी सांगते. हा ठामपणा तुमच्याकडून आला.

मी या कामात आले तेव्हा लेआउटवर बहुतेक पुरुषच दिसायचे. जमीनमालक माझ्याकडे बघून विचारायचे, "साहेब कुठं आहेत?" गिऱ्हाईक माझ्याशी बोलायचं ते स्वयंपाकघर आणि देवघराबद्दल. कागदांचा विषय निघाला की माना दुसरीकडे वळायच्या. तुम्ही माझ्या दुकानात आलात ते तुमच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणून. काम झालं, चहा झाला आणि टेबलावर पडलेला कुणाचा तरी सातबारा तुम्ही उचललात. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेलात आणि म्हणालात, "हा फेरफार काढून पाहिला का, पोरी?" त्या संध्याकाळपासून तुम्ही जे शिकवलंत, ते मला कुठल्या क्लासमध्ये मिळालं नसतं.

सातबारा आधी नावावरून वाचायचा नाही, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. आधी इतर हक्काचा रकाना. बँकेचा बोजा आहे का, कुळाचं नाव आहे का, कोर्टाची काही नोंद आहे का. मग भोगवटादार वर्ग एक की दोन, कारण वर्ग दोनची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मग फेरफाराचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे आकडे, एकेक मागे मागे जात. जमीन या माणसाकडे आली ती खरेदीने, वाटणीने की वारसाने? वारसाने आली असेल तर तुमचा एकच प्रश्न असायचा आणि तो तुम्ही भर बैठकीत विचारायचात, "बहिणी किती?"

त्या प्रश्नाने किती बैठकी गप्प झालेल्या मी पाहिल्या! तीन भाऊ सही करायला तयार, पेढ्यांचा पुडा आणलेला आणि फेरफारात बहिणीचं नावच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भावांना ते ठाऊक असतं, पण कुणी विचारत नाही तोवर कुणी बोलत नाही. एका व्यवहारात तर तुम्ही सरळ म्हणालात, "तिले फोन लावा. तिचं हक्कसोडपत्र असन तर दाखवा, नसन तर तिचा हिस्सा काढून ठेवा, मंग बोलू." फोन लागला. यवतमाळहून त्या बाई दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या आणि वडिलांच्या जमिनीत आपला हिस्सा आहे हे त्यांना पहिल्यांदा कुणीतरी समोर बसवून सांगितलं. सौदा लांबला, माझं कमिशनही लांबलं, पण झाला तो धडधडीत स्वच्छ झाला. आता हा प्रश्न मी विचारते. पहिल्याच भेटीत विचारते.

पण खरं सांगायचं आहे ते नाल्याबद्दल.

मेडिकल कॉलेजच्या बाजूला काम करणाऱ्या त्या नर्सताई आणि त्यांचे एसटीतले यजमान आठवतात ना? दोघांनी पै पै जोडून पंधराशे फुटांचा, तीस बाय पन्नासचा प्लॉट बघून ठेवला होता. पूर्वमुखी, कोपऱ्याचा, भाव आजूबाजूपेक्षा कमी. विकणाऱ्याचा माणूस रोज फोन करायचा, अक्षय तृतीयेच्या आत बयाणा द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. त्यांनी मला फक्त एकदा नजर टाकायला बोलावलं. मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "दुपारी तीन वाजता जाऊ."

त्या उन्हात तुम्ही छत्री घेऊन प्लॉटभर फिरलात. चारी बाजूंना काळी माती, तिला बोट जाईल एवढ्या भेगा. प्लॉटवर मात्र एक भेग नाही, वर सगळा लाल मुरूम टाकून सपाट केलेला. तुम्ही खाली बसलात आणि छत्रीच्या टोकाने उकरायला लागलात. वीतभर मुरूम गेला, त्याखाली बारीक गाळ लागला आणि गाळात गोगलगायींचे पांढरे शंख. ते दोन-तीन शंख तुम्ही नर्सताईंच्या हातावर ठेवले. मग उठून छत्री आडवी धरून दाखवलंत, "इकून बेशरम आहे, तिकून बेशरम आहे. मंधातच कशी नाही?" खरंच, नाल्याकाठी वाढणाऱ्या बेशरमाच्या झुडपांची रांग पश्चिमेकडून सरळ येत होती, प्लॉटच्या हद्दीवर तुटत होती आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होती. मी त्या जागेवर उभी होते, डोळे उघडे होते आणि तरी तुम्ही बोट दाखवेपर्यंत ती रांग मला रांग म्हणून दिसली नव्हती.

"नाला उन्हाळ्यात झोपला राह्यते," तुम्ही म्हणालात, "मरत नाही."

मग गावनकाशा माझ्या स्कूटीच्या सीटवर पसरलात. खसरा नंबरावर, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नंबरावर माझं बोट ठेवलंत आणि म्हणालात, "वाच." मी वाचलं. नाल्याची रेघ त्या खसऱ्यातून जात होती. मंजूर लेआउटच्या नकाशात प्लॉटचा नंबरही शोधला. त्या नंबरचा प्लॉट होता, पण विकणारा सांगत होता तसा पुढे "अ" लावलेला कुठेच नव्हता. विकणाऱ्याचा माणूस तुमच्याकडे वळून आवाज चढवायला लागला, तेव्हा तुम्ही छत्री मिटून एवढंच म्हणालात, "मॅडमले विचारा. नकाशा त्याइनं वाचला."

काकाजी, या एका वाक्यासाठी मी हे सगळं पत्र लिहिते आहे. त्या माणसाला मला विचारावं लागलं. मी खसऱ्यापासून "अ" पर्यंत सगळं त्याला सांगितलं आणि तो उत्तर न देता गाडीवर बसून गेला. त्यानंतर लेआउटवर "साहेब कुठं आहेत" असं मला कुणी विचारलं तरी माझ्या पोटात गोळा येत नाही. मी नकाशा पसरते.

त्याच जुलैत नर्सताई मुद्दाम तिकडे जाऊन आल्या. मुरूम वाहून गेला होता, मधून पाणी चाललं होतं. बयाणा द्यायचे पैसे त्यांच्या खात्यात शाबूत होते. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरलं, तेव्हापासून गिऱ्हाईकं स्वतःहून नाल्याचं विचारतात. मी त्यांना तुमच्या पद्धतीनेच नेते. आजूबाजूच्या जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते बघायचं, सगळ्यात जुन्या किराणा दुकानदाराशी बोलायचं, विहीर असेल तर मे महिन्यात तिचं पाणी किती खाली गेलंय ते डोकावून बघायचं.

फ्लॅटचंही तसंच. पूर्वी सगळे सकाळी गारव्यात फ्लॅट दाखवायचे, अजूनही दाखवतात. मी वरच्या मजल्याचा फ्लॅट दुपारी तीनला दाखवते. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, इथल्या माणसाला उन्हाचं काही समजावून सांगावं लागत नाही. मी गिऱ्हाइकाला पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवायला सांगते. नळ सोडायला सांगते, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कसं येतं ते कळतं. काही जण तिथेच नको म्हणतात. जे हो म्हणतात त्यांचा मला नंतर तक्रारीचा फोन येत नाही, दिवाळीला फराळ येतो. बिल्डरांची माणसं सुरुवातीला माझ्यावर रागवायची. आता त्यातले काही जण गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावून मगच मला बोलावतात, आणि हे मला फार मोठं वाटतं.

महारेराचंही, म्हणजे घरबांधणीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडच्या माझ्या नोंदणीचंही श्रेय तुमचंच. २०१६ चा कायदा आला, एजंटला नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा आमच्या लाइनीतले बरेच जण म्हणत होते की आपल्याला कशाला. २०२३ मध्ये एजंटांसाठी परीक्षाही आली. तुम्ही तुमच्या ओसरीवर कूलरसमोर बसवून माझ्याकडून कार्पेट एरिया, ताबा, प्रकल्पाचं स्वतंत्र बँक खातं असं सगळं घोकून घेतलंत. तुम्ही महसूल खात्यातले, हा कायदा तुमच्या नोकरीनंतरचा. तरी आधी तुम्ही स्वतः तो वाचून काढला होता, पेन्सिलीने खुणा करून. पास झाल्याचं सांगायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता पावती देत जा." देते, काकाजी. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची देते.

मी तुम्हाला त्या प्लॉटच्या वेळी पाकीट द्यायला आले होते, ते तुम्ही दारातूनच परत केलंत. मग मी विचारलं, मी काय करू? तुम्ही म्हणालात, गुंठेवारीचे, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांचे कागद लोकांना नीट समजावत जा. ते काम चालू आहे. आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र आहे एवढ्यावर आपल्याकडे लोक निश्चिंत होतात. ते कुठल्या खसऱ्यातल्या कुठल्या प्लॉटचं आहे, कोणाच्या नावचं आहे, त्यासाठी मागितलेली रक्कम, डिमांड, भरल्याची पावती आहे का, हे मी रविवारी संध्याकाळी दुकानात कुणालाही बसवून सांगते, त्याने माझ्याकडून घर घेवो न घेवो. उन्हाळ्यात सातनंतरच लोक येतात. बाहेर ओट्यावर खुर्च्या टाकते. मागच्या रविवारी एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत चाळीस वर्षांपूर्वीचं विक्रीपत्र. कागद घडीवर फाटला होता. नातवाला मी वाचायला लावलं.

आता कामाचं. नर्सताईंनी पुढे हुडकेश्वरकडे प्लॉट घेतला, ते तुम्हाला माहीत आहे. त्याचे कागद तुम्हीच पाहिले होते. त्यावर घर उभं राहिलं, स्लॅब पडला, आता रंग चालू आहे. मृग लागायच्या आधीचा वास्तूचा मुहूर्त धरला आहे. त्या दोघांनी मला निक्षून सांगितलंय की पहिलं आमंत्रण तुम्हाला. मी आदल्या दिवशी गाडी घेऊन येते. काकूंनाही घ्या. पहाटे पाचला निघू, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचतो. दुपारचं जेवण तिथेच आहे आणि त्यांनी मुद्दाम सांगितलंय की काकाजींना पश्चिमेच्या खोलीतच बसवायचं, तीन वाजेपर्यंत.

काकूंना नमस्कार.

तुमची,
मानेवाड्याची एजंट मॅडम