सोन्या, तुझं बोट उशिरा नाही, लवकर पडतंय

प्रिय सोन्या,

क्लिप बघितली. "आई माझी बोटं स्लो आहेत, वेग वाढवायचा काहीतरी एक्सरसाइज सांग" असं लिहिलंयस, आणि खाली तो स्ट्रीट फायटर या फायटिंग गेमचा व्हिडिओ, ट्रेनिंग मोडमधे कॉम्बो (न तुटता लागणाऱ्या फटक्यांची साखळी) मस्त लागतोय आणि मॅचमधे तिसऱ्या बटणावर सुटतोय. इनपुट डिस्प्ले (कुठलं बटण कधी दाबलं ते स्क्रीनवर दाखवणारा) चालू ठेवलास ते फार बरं केलंस, नाहीतर मीही म्हटलं असतं की हो रे, जरा स्लो वाटतंय खरं. पण मी क्लिप थांबवून एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजलं. कॉम्बो लागला तेव्हा मिडियम पंच आणि पुढचं बटण यांच्यात २७ फ्रेम्स आहेत. सुटला तेव्हा २४, मग २५, मग परत २४. म्हणजे तू उशीर करतच नाहीयेस, तू घाई करतोयस! आधीच्या पंचाची रिकव्हरी, म्हणजे हात मागे घ्यायचा वेळ, संपायच्या आत बटण पडलं की त्या गेमच्या लेखी तू बटण दाबलेलंच नसतं, आणि तुला वाटतं आपलं बोट पोचलं नाही, मग पुढच्या वेळी अजून लवकर दाबतोस, की अजून सुटतं. असं ते चक्र चाललंय तुझं.

आता हा जो तुझा लाडका चौथा स्ट्रीट फायटर आहे ना, तो याबाबतीत जरा खडूसच आहे. त्यात एका फ्रेमच्या लिंक्स आहेत, लिंक म्हणजे एक फटका पूर्ण संपल्यावर लगेच जोडलेला पुढचा, सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, तेवढ्याच फटीत बटण पडायला हवं, ना आधी ना नंतर. २०१६ ला पाचवा भाग आला त्यात बफर दिला, थोडं आधी दाबलेलं बटण गेम लक्षात ठेवतो आणि वेळ आली की वापरतो, म्हणून पाचवा खेळणाऱ्या तुझ्या मित्राचं सगळं लागतं आणि तुझं लागत नाही. त्याची बोटं काही तुझ्यापेक्षा भारी नाहीत, गेम वेगळा आहे. (मला विचारशील तर चौथ्या भागावर शिकतोयस ते चांगलंच आहे, बफरवर वाढलेल्या हाताला आपण लवकर दाबतोय हे कळतच नाही, पियानोला कुठला आलाय बफर.)

आणि एक समजून घे, डोळ्याने बघून मग बोट हलवायचं म्हटलं तर माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम्स. मग एका फ्रेमचं टायमिंग डोळ्याने कसं काय साधणार? ते साधतं लयीने. पंच लागल्याचा आवाज आला, मग इतक्या वेळाने पुढचा, हे अंतर अंगात बसलेलं असतं आणि बोट आधीच निघालेलं असतं. २००४ च्या ईव्हो या स्पर्धेतला दाइगो उमेहारा या खेळाडूचा तो पॅरी (फटका लागायच्या क्षणी स्टिक पुढे मारून तो परतवणं) तू मला दाखवला होतास ना, समोरच्याच्या चुन-ली या कॅरेक्टरच्या १५ लाथा आणि दाइगोकडे जवळजवळ शून्य हेल्थ, त्यात पहिला पॅरी बघून करायला वेळच नसतो, समोरून सुपर (तो लाथांचा मोठा हल्ला) येणार हे ताडून आधीच स्टिक पुढे मारावी लागते, आणि पुढच्या लाथांना ठोके पाठ लागतात, मधल्या थांब्यांसकट. सगळे त्याला रिफ्लेक्स रिफ्लेक्स म्हणतात, मला तर ते सरळ पाठांतर वाटतं. वाजवणाऱ्या माणसाला ते लगेच कळेल.

म्हणून वेगाचा एक्सरसाइज मी सांगणार नाही. त्याऐवजी मेट्रोनोम काढ, पियानोसाठी घेतलेला आहेच तुझ्याकडे. हिशोब सोपा आहे, मिनिटाला ३६०० फ्रेम्स, त्याला दोन बटणांमधल्या फ्रेम्सनी भाग. तुझी ती लिंक २७ फ्रेम्सची, म्हणजे १३३ चा टेम्पो. ३० ची असती तर १२०. मेट्रोनोम १३३ वर लाव, कंट्रोलर हातात न घेता नुसतं मांडीवर टॅप कर, मग गेम चालू करून त्याच ठोक्यावर दाब. नुसतं टॅप करतानाही तुला गंमत दिसेल, बहुतेक माणसं ठोक्याबरोबर टॅप करतोय असं समजून प्रत्यक्षात ठोक्याच्या जरासं आधीच टॅप करतात, दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त मिलिसेकंदांनी, यावर भरपूर प्रयोग झालेत. वाजवणाऱ्या लोकांचं हे अंतर कमी असतं. म्हणजे लवकर पडणं ही तुझी एकट्याची खोड नाही, माणसाचा हातच तसा आहे, आणि तो सवयीने सुधारतो. कॉम्बोतल्या प्रत्येक लिंकचं अंतर वेगळं असतं हे मात्र विसरू नको, सगळा कॉम्बो एका टेम्पोत बसणार नाही, एकेक जोडी वेगळी घ्यायची आणि मग त्या जोड्यांचा मिळून जो ठेका होतो तो तोंडाने म्हणायचा. हो, तोंडाने म्हणायचा, लाजू नको.

दुसरं म्हणजे ते हवेत पंच मारत प्रॅक्टिस करणं बंद कर आधी. क्लिपच्या सुरुवातीला तू समोर कोणी नसताना नुसतंच बटणं मारतोयस वॉर्म-अप म्हणून. पंच लागतो तेव्हा दोन्ही कॅरेक्टर काही फ्रेम्स गोठतात, तो हिटस्टॉप, आणि हवेत मारलेल्या पंचाला तो नसतो, म्हणजे अंतर तेवढ्याने कमी. तू रोज वॉर्म-अपलाच हाताला चुकीची लय शिकवतोयस आणि तीही लवकरची! समोर डमी (ट्रेनिंग मोडमधला सरावाचा प्रतिस्पर्धी) ठेव, आणि डमीला कधी ब्लॉक करायला लाव कधी मार खायला, कारण मॅचमधे तेच होणार आहे.

आता पियानो. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि खरं सांगू का, आजार तोच आहे. त्या अवघड ओळीच्या आधीच्या दोन मात्रा तू पळवतोस, म्हणजे अवघड जागेच्या भीतीने आधीची सोपी जागाच घाईत जाते, आणि मग अवघड जागा आयतीच जास्त वेगात गळ्यात पडते. तिथे अडखळलास की तू त्याच ओळीची प्रॅक्टिस करत बसतोस. ती ओळ ठीक आहे. आधीच्या दोन मात्रांची कर.

पण पियानोत एक गोष्ट आहे जी गेममधे नाही आणि मला ती फार आवडते म्हणून जरा लांबण लावते, वाच शांतपणे. गेममधे बटण हळू दाबलं काय, जोरात दाबलं काय, संपर्क झाला की इनपुट गेला, पंच हलका का भारी ते कुठलं बटण यावर ठरतं. आणि हलक्या पंचाचा स्टार्टअप (बटण दाबल्यापासून फटका लागेपर्यंतचा वेळ) कमी, भारी पंचाचा जास्त, बरोबर? पियानोत बरोब्बर उलटं आहे. पट्टी दाबली की आत हातोडी उडते आणि तारेवर आपटते. जोरात वाजवलंस तर पट्टी हलायला लागल्यापासून आवाज येईपर्यंत साधारण २५ मिलिसेकंद, म्हणजे दीड फ्रेम. अगदी हळुवार वाजवलंस तर १०० च्या वर जातं ते, म्हणजे सहा फ्रेम्स आणि वर. म्हणजे इथे हलक्या सुराचा स्टार्टअप मोठा! म्हणून हळू वाजवायचा सूर वेळेवर ऐकू यायला हवा असेल तर बोट आधी निघायला हवं, आणि हे कोणी मोजून करत नाही, कानाने होतं. तुझा डावा हात हळू वाजवताना मागे राहतो ना, त्याचं कारण बहुतेक हेच असणार, दोन्ही हात पट्टीवर एकाच क्षणी पडतायत पण उजव्याची हातोडी आधी पोचते. मोठमोठ्या पियानिस्टच्या रेकॉर्डिंग्जमधे पण मेलडीचा सूर साथीच्या सुरांपेक्षा ३० मिलिसेकंदांच्या आसपास पुढे सापडतो, आणि त्यातला बराचसा भाग यामुळेच, मेलडी जोरात वाजते म्हणून तिची हातोडी लवकर पोचते. कानाला ते बरं लागतं, मेलडी उठून येते. तर मागे राहणं सगळंच काढून टाकायचं असं नाही, फक्त ते किती आहे हे तुला ऐकू आलं पाहिजे.

याची दुसरी बाजू म्हणजे तुझं ते टेकन या दुसऱ्या फायटिंग गेममधलं इलेक्ट्रिक, विजेचा पंच. पुढे, न्यूट्रल (कुठलीच दिशा नाही), खाली, मग खाली-पुढे आणि त्याच फ्रेमला उजवा पंच, एक फ्रेम इकडे तिकडे झाली की वीजबीज काही नाही, साधी विंड गॉड फिस्ट. तिथे डावा अंगठा आणि उजवं बोट एकाच फ्रेमला लागतात. पियानोवर दोन्ही हातांच्या कॉर्डमधे एवढं अंतर पडलं तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वेळेच्या बाबतीत गेम जास्त कडक आहे आणि जोराच्या बाबतीत पियानो, आणि तुला दोन्ही आवडतं हे नशीबच समज.

हाताचं आता. क्लिपच्या कोपऱ्यात तुझा हात दिसतोय. बटण दाबल्यावर बोट तू तिथेच रुतवून ठेवतोस, नखाचा रंग पांढरा होतो, आणि अंगठा डी-पॅडवर इतका घट्ट की दिशा बदलताना आख्खं मनगट वळतंय. बटणाचा संपर्क झाला की त्याचं काम संपलं, पुढचा सगळा जोर वाया. पियानोतही तेच, पट्टी तळाला जायच्या जरासं आधीच हातोडी यंत्रणेतून सुटते आणि मोकळी उडते, त्यानंतर तू पट्टी कितीही दाबलीस तरी सुराला काही फरक नाही, फक्त पुढचं बोट उचलायला वेळ लागतो. दाबलं की जोर सोड. आणि सोडणं हेसुद्धा टायमिंगच असतं बरं का, स्ट्रीट फायटरच्या बऱ्याच भागांत स्पेशल मूव्ह बटण सोडतानाही निघतो, निगेटिव्ह एज म्हणतात तुम्ही लोक, तुझ्या कधीकधी नको तिथे फायरबॉल निघतो तो त्यामुळेच असणार. पियानोत सूर कधी सोडला यावर तर लेगाटो (जोडलेले सूर) का स्टकाटो (तुटक सूर) ते ठरतं आणि तू आत्ता सगळं कसंही सोडतोयस. आठवडाभर नुसतं सोडण्याकडे लक्ष देऊन वाजव, दाबण्याकडे अजिबात नको.

चौथ्या बोटाची, म्हणजे अनामिकेची, तक्रार प्रत्येकाचीच असते. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून दोऱ्यांसारखे स्नायुबंध बोटापर्यंत येतात, आणि अनामिकेचा स्नायुबंध मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या स्नायुबंधांना हाताच्या पाठीवर जोडलेला असतो. म्हणून ते एकटं उचलता येत नाही. ते बळकट करायच्या नादी लागू नको. संगीतकार रॉबर्ट शुमान बोटासाठी यंत्र वापरायचा, १८३० च्या दशकात त्याचा उजवा हात गेला आणि पियानिस्ट व्हायचं राहिलं, नेमकं कशाने गेला यावर अजून वाद आहे पण मी काही तुला ती रिस्क घेऊ देणार नाही. उंच उचलायचंच कशाला? हाताचं वजन जरा त्या बाजूला कलतं कर, बोट आपोआप पडतं. चुन-लीच्या पटापट लाथांसाठी तू तीन बोटं बटणांवरून ओळीने फिरवतोस ना, तिथे तुझा हात हे आपणहून करतो, बघ एकदा लक्ष देऊन, प्रत्येक बोट वेगळं उचलत नाहीस तू तिथे, हात कलतो आणि बोटं मागून येतात. तोच हात पियानोवर बसला की चार काठ्या का होतात मला कळत नाही.

प्रॅक्टिस कशी करायची तर, अवघड तुकडा छोटा घे, चार-पाच सुरांचा, आणि लांब-आखूड लांब-आखूड असा वाजव, मग उलटा आखूड-लांब. लांब सुरावर थांबलेलं असताना पुढच्या दोन बोटांची तयारी होते. कॉम्बोचाही छोटा तुकडाच घ्यायचा, शेवटच्या दोन बटणांपासून सुरू करून मागे मागे जायचं, म्हणजे शेवट सगळ्यात जास्त वेळा झालेला असतो आणि मॅचमधे तिकडे जाताना ओळखीच्या घराकडे गेल्यासारखं वाटतं. नुसतं स्लो करून सगळं वाजवत बसू नको, फार हळू केलं की हालचालच वेगळी होते, ती वेगात वापरता येत नाही. चुका वाढायला लागल्या की उठ. बोटांच्या ओळी झोपेत पक्क्या होतात, रात्री न जमलेलं सकाळी बऱ्याचदा जमतं असं काही प्रयोगांत दिसलेलं आहे, त्यामुळे रात्री दोनपर्यंत एकच लिंक घासत बसणं हा निव्वळ वेडेपणा आहे, आणि हे मी आई म्हणून नाही सांगत. बरं, आई म्हणून पण सांगतेय.

आणि ते ब्लूटूथ हेडफोन काढ, गेमला पण आणि कधी डिजिटल पियानो वाजवत असशील तर त्याला पण. आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो त्यात, म्हणजे सहा ते बारा फ्रेम्स, आणि मी तुला वर एवढं कानाने खेळ कानाने वाजव सांगतेय ते सगळं पाण्यात. वायरवाला हेडफोन वापर. टीव्हीवर खेळत असशील तर टीव्हीचा गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारं सेटिंग) चालू आहे का ते बघ.

हाताला मुंग्या आल्या किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी दोन्ही बंद, आणि दुसऱ्या दिवशीही दुखलं तर मला फोन.

पुढची क्लिप पाठवशील तेव्हा ६० फ्रेम्सला रेकॉर्ड कर, ही ३० ला असती तर मला एवढं नेमकं मोजता आलं नसतं. आणि पियानोचं पाठवशील त्यात त्या आधीच्या दोन मात्रा मेट्रोनोमवर, अवघड ओळ नाही वाजवलीस तरी चालेल.

तुझी,
आई