विषय: तक्रार करूनही फसवं कर्ज ॲप तुमच्या स्टोअरवर कायम

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवून लगेच हे लिहीत आहे. तक्रार क्रमांक आणि ॲपची लिंक तुमच्याकडे आहे. ते ॲप आजही बिनदिक्कत डाउनलोड होतंय.

माझ्या बहिणीने ते तुमच्याच स्टोअरवरून घेतलं. कर्ज पाच हजारांचं, हातात तीन हजार, आणि सातव्या दिवशी पूर्ण पाच हजारांची मागणी. तिला उशीर झाला, तर फोनमधल्या नंबरांवर, सासरच्या माणसांना, शाळेतल्या सहकाऱ्यांना तिचे फेरफार केलेले अश्लील फोटो गेले.

कर्ज ॲपने संपर्क यादी, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच सांगितलंय. तुमच्या धोरणातही तेच आहे, शिवाय 60 दिवसांच्या आत पूर्ण परतफेड मागणारं ॲप चालत नाही असंही आहे. मग सात दिवसांचं ॲप तपासणीतून सुटलं कसं? बँका आणि एनबीएफसींनी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांनी, कळवलेल्या कर्ज ॲपची यादी 1 जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. हे नाव त्यात नाही. मला शोधायला दोन मिनिटं लागली.

हे सगळं मी प्रतिनिधीला सांगितलं. तो म्हणाला, “सर, आधी डेव्हलपरशी संपर्क करा.”

“अहो, डेव्हलपरच खंडणी मागतोय!”

“हो सर, पण प्रोसेस तशीच आहे.”

डेव्हलपरच्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतो, हेही सांगितलं. त्याने होल्डवर ठेवलं, परत आला आणि म्हणाला, “पण मॅडमनीच कॉन्टॅक्टची परमिशन दिली होती ना?” फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेली बहीण उठून आत गेली. वर त्याने मला विचारलं, आजच्या सेवेला किती रेटिंग द्याल!

स्टोअरवर आहे म्हणजे तपासलेलं असणार, हा तुमच्या नावावरचा विश्वास होता. तो आमच्या घरात आता कुणाचाच उरलेला नाही.

1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार झाली आहे. ॲप ताबडतोब काढा, त्याच डेव्हलपरची बाकीची ॲपही तपासा, आणि खातं उघडताना त्याने दिलेली माहिती पोलिसांनी मागताच द्या. नाहीतर ग्राहक आयोगात अर्ज करणार, आणि त्यात त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागणार. डेव्हलपरशी संपर्क करा, हे उत्तर मला पुन्हा पाठवू नका.

एक ग्राहक, नाशिक